कॅनडाचं कोटेशन हातात आलंय? सही करायच्या आधी हे वाचा



दोन महिन्यांपूर्वी बॅच संपल्यावर एक जण मागे थांबला. वय ३४. तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं. बायको, एक मुलगी. बॅगेतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "सर, गाळा विकायला काढलाय. गिऱ्हाईक पण आलंय. फक्त एकदा तुम्ही हे बघा."

फोल्डरमध्ये एका एजंटचं कोटेशन होतं. ‘कॅनडा बिझनेस क्लास पीआर, संपूर्ण पॅकेज, २२ लाख.’ तीन हप्ते. १ लाख टोकन यूपीआयने जाऊन बसलं होतं. पावती? कच्ची. एका कागदावर सही आणि शिक्का.

मी इमिग्रेशनचा वकील नाही. मी दुकानदार आहे आणि धंदा शिकवतो. पण कोटेशन कसं वाचायचं ते मला कळतं. समोरचा काय देणार, कधी देणार, कुठल्या अधिकारात देणार आणि नाही दिलं तर काय, हे चार प्रश्न आपण मालाच्या सप्लायरला विचारतोच ना? मग २२ लाखांच्या व्यवहाराला का नाही विचारायचे? त्या दिवशी आम्ही दोघं रात्री साडेदहापर्यंत कॅनडा सरकारची वेबसाइट उघडून एकेक ओळ तपासत बसलो. जे सापडलं ते इथे लिहितोय, कारण व्हिडिओखाली दर आठवड्याला कोणीतरी हेच विचारतं.

पहिली ओळ: ‘स्टार्टअप व्हिसा, १०० टक्के खात्री’

स्टार्टअप व्हिसा ही खरी योजना होती. २०१३ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली आणि २०१८ मध्ये कायम झाली. पण ती आपल्यासारख्या दुकानासाठी कधीच नव्हती. कॅनडा सरकारने ठरवलेल्या संस्थेचं पाठिंब्याचं पत्र लागायचं. ती संस्था व्हेंचर कॅपिटल फंड असेल तर त्यांनी तुमच्या कंपनीत किमान २ लाख कॅनडियन डॉलर गुंतवायचे. एंजल गुंतवणूकदारांचा गट असेल तर किमान ७५ हजार. किंवा एखाद्या बिझनेस इनक्युबेटरने तुम्हाला आत घ्यायचं. म्हणजे परक्या माणसाने तुमच्या कल्पनेवर विश्वास ठेवायला हवा. वायर, स्विच आणि पंख्यांच्या दुकानाला असं पत्र कोण देणार?

आणि आता तर प्रश्नच मिटलाय. २०२५ च्या अखेरीस कॅनडाने या योजनेत नवीन अर्ज घेणं थांबवलं. सूट फक्त त्यांना होती ज्यांच्याकडे त्या वर्षीचं संस्थेचं सर्टिफिकेट आधीच होतं. आपल्या मित्राचं कोटेशन त्यानंतरच्या तारखेचं होतं. म्हणजे बंद पडलेल्या एस.टी.चं तिकीट.

असंच दुसरं नाव म्हणजे ‘सेल्फ एम्प्लॉइड प्रोग्रॅम’. नाव ऐकून वाटतं, अरे, आपण तर सेल्फ एम्प्लॉइडच! पण तो फक्त कला, संस्कृती आणि खेळ या क्षेत्रांतल्या लोकांसाठी होता, आणि ३० एप्रिल २०२४ पासून त्यातही नवीन अर्ज बंद आहेत. नावावर जाऊ नका, अटी वाचा.

दुसरी ओळ: ‘जॉब ऑफरसह २०० पॉइंट’

इथे एजंटने जास्त हुशारी केली होती. म्हणे स्टार्टअप नाही झालं तर ‘रिटेल स्टोअर सुपरवायझर’ची जॉब ऑफर आणि एलएमआयए आम्ही देऊ.

एलएमआयए म्हणजे काय ते आधी समजून घ्या. कॅनडातल्या मालकाला बाहेरचा माणूस कामावर ठेवायचा असेल, तर ‘इथला माणूस मिळत नाहीये’ हे त्याने सरकारला पटवायचं असतं. सरकारला पटलं की परवानगीचा कागद मिळतो. बहुतेक नोकऱ्यांसाठी त्याची फी १,००० कॅनडियन डॉलर आहे, आजच्या भावाने साठ-पासष्ट हजार रुपयांच्या आसपास. आणि ही फी मालकाने भरायची असते. कामगाराकडून ती वसूल करायला नियमाने बंदी आहे. कोटेशनमध्ये या एका कागदाचे ९ लाख लावले होते.

आता पॉइंटचं बघू. २०० पॉइंट पूर्वी फक्त अगदी वरच्या पातळीच्या व्यवस्थापकांच्या नोकऱ्यांना मिळायचे. सुपरवायझरला मिळायचे ५०. आणि २५ मार्च २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीत जॉब ऑफरचे हे जादा पॉइंट सरळ काढूनच टाकले. कारण हेच, की लोक एलएमआयए विकत होते आणि विकत घेत होते. म्हणजे आपला मित्र आज शून्य पॉइंटसाठी ९ लाख मोजणार होता.

तो काही बोलला नाही. पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, "पुढचं पान बघा."

मग सरळ रस्ता कोणता?

नोकरी-धंद्याचा अनुभव असलेल्या माणसासाठी सगळ्यात माहितीचा रस्ता म्हणजे एक्सप्रेस एंट्री. २०१५ पासून सुरू आहे. तिच्यात शिरायचे तीन मुख्य दरवाजे आहेत: फेडरल स्किल्ड वर्कर, कॅनडियन एक्स्पिरियन्स क्लास आणि फेडरल स्किल्ड ट्रेड्स. भारतातून थेट जाणाऱ्याला बहुतेक वेळा पहिला दरवाजा लागू होतो.

तिथे आधी १०० पैकी ६७ गुण लागतात. भाषेला जास्तीत जास्त २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२ आणि बाकीचे इतर गोष्टींना. इंग्रजीत आयेल्ट्स जनरलला चारही भागांत किमान ६ हवेत. आपल्या पदवीचं तिकडच्या हिशोबाने मूल्यमापन करून घ्यावं लागतं. हे जमलं की ऑनलाइन प्रोफाइल बनवायचं. प्रोफाइल बनवायला फी नाही. एक रुपयाही नाही. ते १२ महिने चालतं.

त्यानंतर दुसरी मोजणी होते, १,२०० पैकी. सरकार वेळोवेळी ड्रॉ काढतं आणि वरच्या लोकांना आमंत्रण देतं. आमंत्रण आलं की ६० दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा.

आता कटू भाग. गेल्या काही काळातले ड्रॉ बहुतेक करून कॅनडात काम केलेल्यांसाठी, प्रांतांनी निवडलेल्यांसाठी, फ्रेंच येणाऱ्यांसाठी आणि आरोग्यसेवेसारख्या ठरावीक क्षेत्रांसाठी निघाले आहेत. ६७ गुण झाले म्हणजे आमंत्रण येणारच असं अजिबात नाही. ‘खात्री’ हा शब्द जो वापरतो तो एकतर खोटं बोलतोय, नाहीतर त्याला काही माहीत नाही.

तुमचं दुकान हा अनुभव आहे, पण कागद हवा

ही गोष्ट आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. फेडरल स्किल्ड वर्करमध्ये भारतात केलेला स्वतःचा धंदा कामाचा अनुभव म्हणून धरला जातो. काम त्यांच्या यादीतल्या कुशल गटात बसलं पाहिजे आणि किमान एक वर्ष सलग असलं पाहिजे. त्यांच्या व्यवसायांच्या यादीत रिटेल आणि होलसेल व्यापाराचे व्यवस्थापक हा स्वतंत्र गट आहे. पण नुसतं गल्ल्यावर बसणं म्हणजे व्यवस्थापक नव्हे. खरेदी, भाव ठरवणं, माणसं ठेवणं, हिशोब, स्टॉक ही कामं तुम्ही खरंच करता, हे दाखवावं लागतं.

आणि ‘मी करतो’ असं स्वतःच लिहून दिलेलं चालत नाही. तिसऱ्याचा पुरावा हवा. म्हणून आजपासून ही फाइल बनवा:

- गुमास्ता लायसन्स आणि उद्यम नोंदणी
- जीएसटी रिटर्न आणि इन्कम टॅक्स रिटर्न, सगळ्या वर्षांचे
- करंट अकाउंटचं स्टेटमेंट
- सप्लायर आणि मोठ्या गिऱ्हाइकांची लेटरहेडवरची पत्रं, तारखा आणि कामासह
- सीएचं पत्र
- कामगारांच्या पगाराची नोंद

आपल्या मित्राकडे दुकान अकरा वर्षं होतं, पण जीएसटी नंबर वडिलांच्या नावावर, लायसन्स वडिलांच्या नावावर, बँक खातं वडिलांच्या नावावर. कागदावर तो कोणीच नव्हता. कॅनडा राहू द्या, उद्या इथे बँकेत कर्ज मागायला गेला तरी हीच अडचण येणार. हा धडा न जाणाऱ्यांनीही घ्या.

याची उलटी बाजूही आहे. कॅनडियन एक्स्पिरियन्स क्लासमध्ये कॅनडात केलेला स्वतःचा धंदा धरत नाहीत, आणि पूर्णवेळ शिकताना केलेलं कामही धरत नाहीत. म्हणजे स्टुडंट व्हिसावर जाऊन ब्रॅम्प्टनमध्ये टिफिन सुरू करीन आणि त्यावर पीआर मिळवीन, हा हिशोब या दरवाजातून जुळत नाही.

प्रांतांचा रस्ता

प्रांतांचे स्वतःचे कार्यक्रम आहेत. प्रांताने तुम्हाला नॉमिनेट केलं तर एक्सप्रेस एंट्रीत ६०० जादा पॉइंट मिळतात. काही प्रांतांत उद्योजकांसाठी वेगळी वाट आहे. उदाहरणार्थ ब्रिटिश कोलंबियाच्या बेस स्ट्रीममध्ये स्वतःची मालमत्ता किमान ६ लाख कॅनडियन डॉलर आणि धंद्यात स्वतःची गुंतवणूक किमान २ लाख डॉलर लागते. छोट्या गावांसाठीच्या प्रादेशिक वाटेत हेच आकडे ३ लाख आणि १ लाख आहेत. आधी वर्क परमिट मिळतं, धंदा चालवून दाखवावा लागतो आणि मग नॉमिनेशन. ज्याच्याकडे एवढं भांडवल आहे त्याच्यासाठी हा खरा रस्ता आहे. गाळा विकून जेमतेम पैसे उभे करणाऱ्यासाठी नाही.

पैसे घेऊन सल्ला देण्याचा हक्क कोणाला?

हा या लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. दोनदा वाचा.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे पैसे घेऊन सल्ला द्यायचा किंवा तुमच्या वतीने अर्ज करायचा हक्क मोजक्याच लोकांना आहे: तिथल्या प्रांताच्या लॉ सोसायटीत नोंद असलेले वकील आणि पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी, आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’चे परवानाधारक सल्लागार. हे कॉलेज नोव्हेंबर २०२१ पासून काम बघतं. त्याआधी दुसरी संस्था होती. कॉलेजची यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. सल्लागाराचा परवाना नंबर ‘आर’ने सुरू होतो. नाव टाका, नंबर टाका, परवाना चालू आहे की निलंबित ते दिसतं. दोन मिनिटांचं काम.

नातेवाइकाने फुकट मदत केली तर चालते. पैसे न देता स्वतः अर्ज केला तरी चालतो. एजंट लावला म्हणून फाइल लवकर हलत नाही, हे कॅनडा सरकार स्वतः सांगतं.

आपल्या मित्राने दुसऱ्या दिवशी एजंटला फोन लावला. "साहेब, तुमचा परवाना नंबर काय?" उत्तर आलं, "आमचं कॅनडात हेड ऑफिस आहे, तिथले वकील बघतात." "मग त्यांचं नाव द्या." "ते कंपनीचं गुपित आहे." मित्रांनो, ज्या वकिलाचं नाव गुपित आहे तो वकील नसतो.

सही करायच्या आधी या पाच गोष्टी मागा:

१. परवाना नंबर, आणि यादीत तपासल्यावर जुळणारं नाव.
२. लेखी करार. कोणतं काम, किती फी, किती टप्पे, पैसे परत कधी मिळणार. परवानाधारक सल्लागाराला लेखी करार करावाच लागतो.
३. प्रतिनिधी नेमल्याचा आयएमएम ५४७६ हा फॉर्म. त्यावर त्याची सही हवी. ‘फॉर्मवर आमचं नाव नको’ म्हणणारा लपतोय.
४. अर्जात भरलेल्या प्रत्येक पानाची प्रत तुमच्याकडे. खात्यावर तुमचा स्वतःचा ई-मेल आणि मोबाइल.
५. सरकारी फी वेगळी, एजंटची फी वेगळी. ३० एप्रिल २०२४ पासून एक्सप्रेस एंट्रीच्या पीआर अर्जाची सरकारी फी प्रत्येक मोठ्या माणसाला १,५२५ कॅनडियन डॉलर आणि मुलाला २६० डॉलर अशी ठरली. ही फी दर दोन वर्षांनी वाढते, म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा बघा. या दराने नवरा, बायको आणि एक मूल मिळून ३,३१० डॉलर होतात, म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास. बायोमेट्रिक, मेडिकल आणि भाषेची परीक्षा वेगळी. आता २२ लाखांशी तुलना करा.

खोटा कागद कोणाच्या नावावर?

एजंटने खोटं अनुभवपत्र लावलं तर कोण अडकतं? तुम्ही. अर्जावर सही तुमची असते. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ५ वर्षं कॅनडाचे दरवाजे बंद. ‘मला माहीत नव्हतं’ हे सहसा चालत नाही. २०२३ मध्ये भारतातून, जास्त करून पंजाबमधून गेलेल्या विद्यार्थ्यांवर देशाबाहेर काढले जाण्याची वेळ आली होती, कारण एजंटने दिलेली कॉलेजची प्रवेशपत्रं बनावट निघाली. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घ्यायचा नियम आला. पण त्या पोरांची वर्षं गेली ती गेलीच.

तिथे पोचल्यावर मदत कुठे?

पीआर मिळवून पोचलेल्या माणसाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेटलमेंट सेवा मोफत मिळतात. इंग्रजीचे वर्ग, नोकरी शोधायला मदत, कागदपत्रं, मुलांची शाळा. टोरांटोकडे कॉस्टी, व्हँकुव्हरकडे मोझॅक आणि इमिग्रंट सर्व्हिसेस सोसायटी ऑफ बीसी अशा संस्था हे काम करतात. बहुतेक ठिकाणी २११ नंबर फिरवला की जवळची सेवा सांगतात. विद्यार्थी आणि तात्पुरत्या वर्क परमिटवरच्या लोकांना या केंद्रीय सेवांपैकी बऱ्याच मिळत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवा.

घरमालक, पगार, नोकरीवरून काढणं अशा भांडणांसाठी ओंटारियोत लीगल एड ओंटारियोच्या पैशांवर चालणारी कम्युनिटी लीगल क्लिनिक्स आहेत. उत्पन्न कमी असेल तर तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो.

मालकाने पगार बुडवला, मारहाण केली, पासपोर्ट काढून घेतला तर गप्प बसू नका. पासपोर्ट ठेवून घ्यायचा हक्क कोणत्याही मालकाला नाही. एकाच मालकाला बांधलेल्या परमिटवर असाल आणि छळ होत असेल, तर जून २०१९ पासून अशा कामगारांसाठी वेगळं ओपन वर्क परमिट आहे. ते मिळालं की मालक बदलता येतो.

भारतातून केलेला अर्ज नाकारला गेला तर कॅनडाच्या फेडरल कोर्टात दाद मागता येते, पण मुदत फक्त ६० दिवसांची. आणि हे काम वकिलाचं आहे, कन्सल्टंटचं नाही.

पैसे इथेच अडकले असतील तर

- पैसे ऑनलाइन गेले आणि फसवणूक लक्षात आली, तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.
- फसवणुकीची तक्रार पोलीस ठाण्यात द्या. चॅट, पावती, कोटेशन सगळं जोडा.
- ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची केस जाते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. मुदत दोन वर्षं.
- वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. हेल्पलाइन १५१००. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो.
- एजंट परदेशी नोकरी लावून देतो म्हणत असेल, तर त्याची नोंद केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का बघा. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

मग त्याचं काय झालं?

गाळा त्याने विकला नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला त्याला दोन दिवस लागले, कारण घरात सगळ्यांना ‘आम्ही चाललो’ असं सांगून झालं होतं. एजंटला त्याने रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली. १ लाखांपैकी ४० हजार परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, तारीख पडलीय.

कॅनडाचं भूत उतरलं का? नाही. आणि मी उतरवलंही नाही. जायचं असेल तर जावं, माणसं तिकडे जाऊन उभी राहतातच. फरक एवढाच की आता तो सकाळी सहाला उठून आयेल्ट्सचा अभ्यास करतो, दुकानाचं लायसन्स आणि जीएसटी स्वतःच्या नावावर करून घेतलंय आणि दर महिन्याला फाइलमध्ये कागद घालतो. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "सर, आमंत्रण आलं तर जाईन. नाही आलं तर फाइल दाखवून बँकेकडून कर्ज घेईन आणि शेजारचा गाळा घेईन."

तुमच्याकडे असं कोटेशन पडलं असेल, तर आज रात्री जेवणानंतर एवढंच करा. त्यातलं योजनेचं नाव कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर शोधा आणि एजंटचं नाव कॉलेजच्या यादीत शोधा. दोन्ही सापडलं तर पुढचं बोलू. एकही नाही सापडलं, तर पेन खिशातच राहू द्या.